एकहातीं पत्राचीं नवीं सदरें

नियतकालिक चालविण्याचे दोन प्रकार आहेत. पहिला मंडळीचा. त्यांत संपादक, सहसंपादक, चित्रकार, मुद्रितें तपासणारे, वर्गणी वसूल करणारे अशी सर्व सेना असते. नवें सदर सुरू करावें कीं जुनें बंद करावें हा प्रश्न चार डोकीं एकत्र येऊन सोडवितात. दुसरा प्रकार एकट्याचा. येथें लेखक तोच, संपादक तोच, आणि बहुधा पदरचा पैसा घालणाराहि तोच. या दुसऱ्या प्रकारांत मोकळीक विलक्षण आहे. आज मनांत आलें तें उद्यां छापून पाहतां येतें, परवां नको वाटल्यास काढूनहि टाकतां येतें. परंतु ज्याला अडविणारा कोणी नाहीं त्याला सांवरणाराहि कोणी नसतो. तेंच तें देत राहिल्यास वाचक कंटाळतो, आणि दर अंकास नवा वेष धारण केल्यास त्याची ओळखच बुजते. सदर एकदां सुरू केलें म्हणजे तें वाचकास दिलेलें वचन होतें: अमक्या पानावर अमुक मिळेल. तें वचन मोडावयाचें तर कोणत्या कारणासाठीं, आणि कोणाच्या सांगण्यावरून?

या प्रश्नाचा उलगडा नुसत्या तर्कानें होणारा नाहीं. ज्यांनीं हा डाव स्वतः मांडला त्यांचे हात पाहिले पाहिजेत. इंग्रजी वाङ्मयांत अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत असे तीन-चार डाव पडले, आणि त्यांतील एकाची छाया आपल्या मराठीवरहि पडलेली आहे. म्हणून ती हकीकत थोड्या विस्तारानें सांगतों.

रिचर्ड स्टील हा लंडनांतील एक दिलदार, खर्चिक आणि नेहमीं कर्जांत बुडालेला गृहस्थ. ‘लंडन गॅझेट’ हें सरकारी पत्र लिहिण्याचें काम १७०७ पासून त्याच्याकडे होतें. पण सरकारी पत्रांत स्वतःचें असें काय घालतां येणार? तेव्हां १२ एप्रिल १७०९ रोजीं त्यानें ‘टॅटलर’ नांवाचें आपलें स्वतःचें पत्र काढलें. ‘टॅटलर’ म्हणजे बडबड्या. मंगळवार, गुरुवार व शनिवार असें आठवड्यांतून तीनदां तें निघे, कारण लंडनहून बाहेरगांवचें टपाल त्याच दिवशीं सुटत असे. दोन्ही बाजूंनीं छापलेला एक कागद, एवढाच त्याचा पसारा. पहिले चार अंक फुकट वांटले. पुढें किंमत एक पेनी.

चालक म्हणून स्टीलनें स्वतःचें नांव घातलें नाहीं. आदल्या वर्षीं जोनाथन स्विफ्टनें ‘ऐझॅक बिकरस्टाफ’ असें खोटें नांव घेऊन जॉन पार्ट्रिज नांवाच्या एका पंचांगकर्त्याची मोठी फजिती केली होती. हा पार्ट्रिज २९ मार्च १७०८ च्या रात्रीं मरणार असें भविष्य त्यानें छापलें, आणि ती रात्र उलटतांच भविष्य खरें झाल्याचेंहि छापलें. बिचारा पार्ट्रिज ‘मी जिवंत आहें’ म्हणून सांगत राहिला आणि लोक हंसत राहिले. सर्वांच्या तोंडीं झालेलें हें नांव स्टीलनें उसनें घेतलें. थोडा ज्योतिषी, थोडा विक्षिप्त, असा हा वृद्ध बिकरस्टाफ पत्राचा चालक झाला, आणि पस्तिशी ओलांडलेल्या स्टीलला जें स्वतःच्या तोंडून शोभलें नसतें तें म्हाताऱ्याच्या तोंडून बोलण्याची सोय झाली.

आतां सदरांकडे वळूं. त्या काळीं लंडनांतील सर्व गप्पागोष्टी कॉफीगृहांत चालत आणि प्रत्येक गृहाची बैठक निराळी असे. स्टीलनें सदरांचीं नांवेंच या गृहांवरून ठेविलीं. विलासी मंडळींच्या व करमणुकीच्या गोष्टी व्हाइटच्या चॉकोलेटगृहांतून येणार, काव्यचर्चा विलच्या कॉफीगृहांतून, विद्वानांच्या गोष्टी ‘ग्रीशियन’मधून, परदेशाच्या व स्वदेशाच्या वार्ता सेंट जेम्स कॉफीगृहांतून, आणि या चोहोंत न बसणारें जें कांहीं असेल तें ‘माझ्या बिऱ्हाडाहून’. योजना मोठी सुबक होती. वाचणाऱ्यास घरबसल्या चार बैठकींस हजेरी लावल्याचा आनंद मिळावा, आणि लिहिणाऱ्यास विषयांची वाण पडूं नये.

परंतु सुबक योजना आणि टिकाऊ योजना एकच असतात असें नाहीं. सरकारी पत्राच्या नोकरीमुळें परदेशच्या वार्ता स्टीलच्या हातीं आयत्या येत. मार्लबरोच्या लढायांचे ते दिवस, लोकांना वार्तांची भूक दांडगी. तेव्हां हें सदर सर्वांत लोकप्रिय होईल असें कोणीहि म्हटलें असतें. घडलें उलटें. वार्ता पहिल्या वर्षाच्या आंतच विरळ होत गेल्या आणि पुढें जवळजवळ नाहींशा झाल्या. विद्वानांचें सदर मधून मधून डोकावे, काव्याचें त्याहून थोडें अधिक. आणि उरल्यासुरल्या गोष्टींसाठीं ठेविलेलें तें अडगळीचें सदर, ‘माझ्या बिऱ्हाडाहून’, तें मात्र फुगत फुगत सबंध कागद व्यापूं लागलें. चार-पांच तुकड्यांच्या जागीं एकाच विषयावर एक सलग निबंध येऊं लागला. इंग्रजी निबंध घरोघर पोंचविणारा हा बदल कोणीं ठरवून केलेला नव्हता. अडगळीच्या खोलीनें हळूहळू सगळें घर व्यापलें.

याचें कारण मला असें दिसतें. वार्ता स्टीलच्या हातीं लौकर येत हें खरें, पण त्या त्याच्या नव्हत्या. त्या इतर पत्रांतहि निघत, आणि तिसऱ्या दिवशीं शिळ्या होत. ‘बिऱ्हाडाहून’ जें येई तें दुसऱ्या कोणाकडेच मिळण्यासारखें नव्हतें, आणि शनिवारचा मजकूर पुढच्या शनिवारींहि वाचवे.

याच बिऱ्हाडांतून एक नवें पात्र बाहेर पडलें. पत्र निघून महिना झाला नाहीं तोंच, बिकरस्टाफ गांवाला गेला आहे अशी बतावणी करून, त्याची सावत्र बहीण जेनी डिस्टाफ हिच्या नांवानें अंक निघाला. पुरुषांविषयीं एका तरुण स्त्रीनें बोलावयाचें, तेंहि भावाच्या कागदावर! पुढें स्टीलनें तिचें लग्न लावून दिलें. संसारांतील पहिलें भांडण, भावाकडे आलेली तक्रार, त्यानें केलेला उपदेश, हें सर्व अंकांतून येत गेलें. वर्तमानपत्रांत घरांतील माणसें प्रथम येऊन बसलीं तीं अशीं. त्याच वर्षीं ‘फीमेल टॅटलर’ नांवाचें अनुकरणहि निघालें. अनुकरण करणारे बहुधा नांव उचलतात, बिऱ्हाड उचलतां येत नाहीं.

स्टीलचा बाळपणचा शाळासोबती जोसेफ ॲडिसन तेव्हां आयर्लंडांत सरकारी हुद्द्यावर होता. आपणच पूर्वीं एकदां स्टीलजवळ बोललेलें व्हर्जिल कवीविषयींचें एक मत त्यानें ‘टॅटलर’च्या सहाव्या अंकांत वाचलें आणि बडबड्या कोण तें ओळखलें, अशी गोष्ट सांगतात. तो लिहूं लागल्यावर निबंधाचें अंग आणखी बळावलें. २ जानेवारी १७११ रोजीं २७१ वा अंक काढून स्टीलनें पत्र एकाएकीं बंद केलें, आणि दोनच महिन्यांनीं, १ मार्च रोजीं, दोघांनीं मिळून ‘स्पेक्टेटर’ काढला.

हें पत्र रविवार सोडून रोज निघे, आणि वार्ता त्यांत मुळींच नसत. दोन वर्षांच्या अनुभवानें जें गळून पडलें तें पुन्हां चिकटविण्याचा मोह त्यांनीं केला नाहीं; जें वाढलें तेवढेंच घेतलें. एक दिवस, एक विषय, माथ्यावर लॅटिन किंवा ग्रीक वचन. कल्पित मंडळाचे कल्पित सभासद. त्यांतील सर रॉजर डी कव्हर्ली हा खेड्यांतील भोळा जमीनदार वाचकांना आपल्याच नात्यांतला वाटूं लागला. लेखाखालीं नांव नसे, एकच अक्षर असे: ॲडिसनच्या लेखांखालीं सी, एल, आय, ओ यांपैकीं एखादें, स्टीलच्या लेखांखालीं आर किंवा टी. लेख कोणाचा हें ओळखण्याचा छंद लोकांना लागला. बिनखर्चाचें असें सदर दुसरें पाहण्यांत नाहीं.

दहाव्या अंकांत ॲडिसन हिशेब मांडतो कीं रोज तीन हजार प्रती खपतात व एकेक प्रत वीस जण वाचतात असें धरलें तर साठ हजार वाचक झाले. गुणाकार उदार आहे. परंतु एकत्र कुटुंबांत मासिकाची एक प्रत माजघरापासून ओसरीपर्यंत किती हातांतून जाते हें ज्यानें पाहिलें आहे तो त्या विसाच्या आंकड्यास फारसा हंसणार नाहीं. त्याच अंकांत तो कुटुंबांना असेंहि सुचवितो कीं सकाळच्या चहाबरोबर एक तास या वाचनासाठीं राखून ठेवावा. मग १७१२ च्या जानेवारीपासून त्यानें दर शनिवारीं मिल्टनच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’ या महाकाव्यावर एकेक लेख लिहिण्यास आरंभ केला आणि अठरा शनिवार तें चालविलें. चहाच्या पेल्याशेजारीं महाकाव्याची मीमांसा! हा प्रयोग धाडसाचा होता. तो पार पडला याचें कारण माझ्या मतें वार ठरलेला होता हें. बाकीचे पांच दिवस हलकाफुलका मजकूर मिळत असल्यामुळें सहाव्या दिवशींचें जड अन्न वाचकांनीं पचविलें.

वाचकांचीं पत्रें ही या मंडळींची दुसरी मोठी जोड. कांहीं पत्रें खरीं, कांहीं स्वतःच रचलेलीं. पण खरींहि पुष्कळ येत. ‘स्पेक्टेटर’ ६ डिसेंबर १७१२ रोजीं ५५५ व्या अंकानें बंद पडल्यावर स्टीलनें १७१३ सालीं ‘गार्डियन’ काढला, आणि त्या वर्षाच्या जुलैंत बटनच्या कॉफीगृहांत सिंहाचें एक मोठें मुखवटें बसविण्यांत आलें. त्याच्या वासलेल्या जबड्यांत वाचकांनीं पत्रें टाकावयाचीं व तीं पत्राच्या चालकाकडे जावयाचीं. कल्पना व्हेनिस शहरांतील सिंहमुखांवरून घेतलेली. तेथें त्यांचा उपयोग शेजाऱ्यावर गुप्त फिर्याद करण्याकडे होई. चुगलीचें यंत्र वाङ्मयाच्या कामीं लावण्याचें श्रेय ॲडिसनचें.

येथें थोडें विषयांतर करतों. मी ज्या शाळेंत होतों तेथें एका मुलानें एकट्यानें हस्तलिखित मासिक चालविलें होतें. महिन्यास एकच प्रत, वाचनालयाच्या मेजावर दोरीनें बांधलेली. त्यांत ‘जगांतील घडामोडी’ हें सदर तो मोठ्या कष्टानें वर्तमानपत्रांतून उतरून काढी, आणि शेवटचें पान भरावें म्हणून ‘आमच्या आळींतील झाडें’ असें एक सदर त्यानें घातलें होतें: कोणत्या वाड्यांतील पारिजातक केव्हां फुलला, कोणाचें रामफळ कोणीं पाडलें. वर्षअखेर प्रती चाळतांना असें दिसलें कीं घडामोडींचीं पानें कोरीं करकरीत राहिलीं आहेत, आणि झाडांच्या पानांचे कोपरे बोटांच्या मळानें काळे पडले आहेत. त्या मुलानें स्टीलचें नांवहि ऐकलेलें नव्हतें. कोपरे पाहून त्यानें पुढच्या वर्षीं काय केलें हें निराळें सांगावयास नको.

मात्र कोपरा काळा झाला म्हणून तेंच सदर वाढवावें हा नियम सर्वांना लागू होता तर डॉक्टर जॉन्सनचें काय करावें असा प्रश्न पडतो. २० मार्च १७५० पासून १४ मार्च १७५२ पर्यंत, दर मंगळवारीं व शनिवारीं, त्यानें ‘रँबलर’ हें पत्र काढलें. एकंदर अंक २०८, किंमत दोन पेनी. चार-पांच अंक व कांहीं फुटकळ पत्रें सोडलीं तर सर्व मजकूर त्याच्या एकट्याचा. नांव सुचेना तेव्हां एका रात्रीं पलंगावर बसून, नांव ठरल्याशिवाय निजावयाचें नाहीं असा त्यानें निश्चय केला, आणि जें बरें वाटलें तें ठेविलें. सदरांच्या बाबतींत मात्र त्यानें असा एकहि रात्रीचा विचार केल्याचें दिसत नाहीं. गंभीर निबंध, जड शब्द, लांब वाक्यें. मंगळवारीं तेंच, शनिवारींहि तेंच. खप पांचशें प्रतींच्याहि खालीं. सर्वांत अधिक खपला तो ९७ वा अंक असें सांगतात, आणि तो जॉन्सननें लिहिलेलाच नव्हता. सॅम्युएल रिचर्डसन या कादंबरीकारानें तरुण मुलींच्या वागणुकीविषयीं लिहिलेला तो लेख होता. दुसरा एखादा चालक असता तर त्यानें पुढच्या शनिवारपासून मुलींसाठीं सदर उघडलें असतें. जॉन्सन हलला नाहीं. शेवटच्या अंकांत आपण कधींच लोकप्रिय नव्हतों असें त्यानें स्वतःच, कुरकुर न करतां, नमूद केलें आहे.

त्याच्या बाजूनें एक गोष्ट त्याच्या घरांतील आहे. कांहीं अंक वाचून त्याच्या पत्नीनें त्याला सांगितलें कीं तुमच्याविषयीं माझें मत पूर्वींपासून चांगलेंच होतें, पण तुम्ही असें लिहाल असें मला वाटलें नव्हतें. शेवटचा अंक निघाल्यावर तीनच दिवसांनीं ती वारली. जो मनुष्य अशा वाचकासाठीं लिहितो त्याला सिंहाचें मुखवटें कशाला हवें? आणि ग्रंथरूपानें ‘रँबलर’च्या दहा आवृत्त्या लंडनांत निघालेल्या जॉन्सननें आपल्या डोळ्यांनीं पाहिल्या, हेंहि विसरूं नये.

एक सुधारणा मात्र त्याच्या पत्रांत झाली, आणि ती बाहेरून झाली. प्रत्येक अंकाच्या माथ्यावर लॅटिन किंवा ग्रीक वचन असे आणि त्याखालीं अर्थ नसे. जेम्स एल्फिन्स्टन नांवाच्या स्नेह्यानें एडिंबरो येथें ‘रँबलर’ पुन्हां छापतांना त्या वचनांचीं इंग्रजी भाषांतरें दिलीं. जॉन्सनला तें रुचलें, व पुढें त्याच्या स्वतःच्या आवृत्तींतहि भाषांतरें आलीं. संस्कृत सुभाषित देऊन त्याचा अर्थ न देणाऱ्या आमच्यासारख्या जुन्या मास्तरांनीं ही हकीकत लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

या जॉन्सनची छाया मराठीवर पडली ती विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या द्वारें. जॉन्सनच्या ‘रासेलस’चें भाषांतर कृष्णशास्त्र्यांनीं आरंभिलें व विष्णुशास्त्र्यांनीं पुरें केलें, आणि ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्र्यांनीं जॉन्सनचें विस्तृत चरित्रहि लिहिलें. ‘माला’ १८७४ च्या जानेवारींत पुण्यास सुरू झाली, तेव्हां शास्त्रीबोवांना चोविसावें वर्ष चालू होतें. पुढें ८४ अंक निघाले आणि जवळजवळ सर्व त्यांच्या एकट्याच्या लेखणींतून उतरले. मराठी भाषेची सांप्रतची स्थिति, विद्वत्त्व आणि कवित्व, इतिहास, मोरोपंतांची कविता: एकेक निबंध अंकामागून अंक चाले. त्यांतील सगळेंच आज सारख्या आदरानें वाचवत नाहीं. लोकहितवादींवर आणि ज्योतिबा फुले यांच्यावर केलेला मारा वाचतांना भाषेच्या तेजाबरोबर तिचा उद्दामपणाहि डोळ्यांत भरतो, आणि फुल्यांच्या प्रश्नाचें उत्तर त्यांत मिळत नाहीं. पण सदरांच्या दृष्टीनें पाहिलें तर या मालेची गोष्ट स्टील आणि जॉन्सन या दोघांपेक्षांहि निराळी आहे.

शास्त्रीबोवांना नव्या कल्पना सुचत नव्हत्या असें कोण म्हणेल? जुनें काव्य आणि बखरी प्रसिद्ध व्हाव्यात असें वाटलें, तेव्हां त्यांनीं मालेंत नवें सदर उघडलें नाहीं. काशिनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह १८७८ त ‘काव्येतिहाससंग्रह’ हें निराळें मासिक काढलें. लोकांच्या घरांत आपल्याकडचीं चित्रें लागावीं असें वाटलें, तेव्हां मालेस चित्रें जोडलीं नाहींत. त्याच वर्षीं चित्रशाळा उभारली. १८७९ त सरकारी नोकरी सोडली आणि १८८० च्या जानेवारींत न्यू इंग्लिश स्कूल निघालें. शिकविण्याची हौस तेथें गेली. चालू राजकारणावर बोलावयाचें झालें तेव्हां १८८१ त टिळक-आगरकर प्रभृतींसह ‘केसरी’ व ‘मराठा’ हीं पत्रें निघालीं. स्टीलनें एका कागदावर जीं निरनिराळीं कॉफीगृहें वसविलीं होतीं त्यांना येथें प्रत्येकीं स्वतंत्र घर मिळालें, आणि ‘माझ्या बिऱ्हाडाहून’ एवढें सदर मालेकडे राहिलें.

या वाटेची किंमतहि शास्त्रीबोवांनींच मोजली. सदर वाढविण्यास एक पान पुरतें. संस्था वाढविण्यास माणसें, पैसा आणि प्रकृति लागते. नवीं कामें अंगावर आल्यावर माला १८८१ त थांबली, आणि १७ मार्च १८८२ रोजीं, वयाचीं बत्तीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, शास्त्रीबोवा गेले. मालेंतील शेवटचा निबंध ‘आमच्या देशाची स्थिति’ हा होता. त्यांत वार्ता नव्हती, चित्र नव्हतें, गंमतीचें कांहीं नव्हतें. नुसता एका माणसाचा एका विषयावरचा सलग मजकूर. सरकारनें तो पुढें जप्त केला, आणि त्याच्यावरील बंदी उठण्यास १९३७ साल उजाडावें लागलें.